कंपनीचं व्हिजन ठरवताना: आधी निर्णय, वाक्य सगळ्यात शेवटी

विक्री विभागातल्या एका माणसासमोर मोठी ऑर्डर आली आहे. पैसे चांगले आहेत, पण काम कंपनीच्या नेहमीच्या पठडीतलं नाही. तुम्ही प्रवासात आहात आणि तुमचा फोन लागत नाही. ऑर्डर घ्यावी की सोडावी? हे त्याला तुम्हाला न विचारता ठरवता आलं आणि त्याचा निर्णय तुमच्या निर्णयाशी बहुतेक वेळा जुळला, तर तुमच्या कंपनीचं व्हिजन स्पष्ट आहे. तसं होत नसेल, तर स्वागतकक्षाच्या भिंतीवर कितीही देखणं वाक्य लावलेलं असलं तरी व्हिजन ठरायचं अजून बाकी आहे.

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाकडून सुरू होतं. एक दिवसाची बैठक, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येकाच्या आवडीचे दोन-दोन शब्द आणि संध्याकाळपर्यंत एक वाक्य. त्यात ‘अग्रगण्य’, ‘जागतिक दर्जा’, ‘नावीन्य’ हे शब्द हमखास असतात. त्या वाक्याने कोणाचं काही अडत नाही, म्हणून ते मंजूर होतं. आणि कोणाचं काही अडत नाही, म्हणूनच त्याचा उपयोगही होत नाही. इथे दिलेला क्रम वेगळा आहे. आधी झालेले निर्णय तपासायचे, मग भविष्याचं चित्र लिहायचं, मग काय सोडायचं ते ठरवायचं आणि शेवटी वाक्य. रोजचा धंदा सांभाळून हे करायला दोन-तीन महिने लागतील असं धरून चला.

तीन शब्दांची सरमिसळ सुरुवातीलाच टाळा. कंपनी आज कोणासाठी काय करते, ते मिशन. काही वर्षांनी ग्राहकाची आणि कंपनीची स्थिती कशी असायला हवी, ते व्हिजन. तिथपर्यंत जायचा मार्ग म्हणजे रणनीती. मार्ग बदलू शकतो, बदलावाही लागतो.

आधी हे पाहा: ही वेळ व्हिजनची आहे का?

एप्रिल १९९३ मध्ये लू गर्स्टनर आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा कंपनी प्रचंड तोट्यात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आयबीएमला या घडीला सगळ्यात कमी गरज कशाची असेल, तर ती व्हिजनची. या विधानावर बरीच टीका झाली. पण त्यांनी आधी खर्च आटोक्यात आणला, आणि कंपनीचे तुकडे करून ते स्वतंत्र चालवायची जी तयारी सुरू होती ती थांबवली. मोठ्या ग्राहकांना सगळी यंत्रणा एकत्र जुळवून देणारा कोणीतरी हवा आहे, हे ओळखून त्यांनी आयबीएम एकसंध ठेवली. पुढे कंपनीची दिशा याच निर्णयातून घडली.

म्हणून पुढच्या काही महिन्यांचे पगार कुठून द्यायचे हाच प्रश्न असेल, तर आधी तो सोडवा. दोन भागीदारांचं मालकीवरून बिनसलं असेल, तर तेही आधी मिटवा. व्हिजनच्या बैठकीत असे वाद मिटत नाहीत, फक्त गोड शब्दांखाली झाकले जातात.

पहिला टप्पा: मागच्या तीन वर्षांचे निर्णय कागदावर आणा

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सगळ्यात मोलाचा टप्पा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. कंपनी कुठे जाते आहे ते तिच्या घोषणांवरून कळत नाही. पैसा कुठे गेला आणि मालकाचा वेळ कुठे गेला, यावरून कळतं.

एक मोठा कागद घ्या आणि मागच्या तीन वर्षांतल्या या गोष्टी लिहा: सगळ्यात मोठ्या पाच गुंतवणुका, नाकारलेली कामं आणि त्यांची कारणं, सुरू करून बंद केलेली उत्पादनं किंवा सेवा, ज्यांना बढती मिळाली ती माणसं आणि ती कशासाठी मिळाली, जी चांगली माणसं सोडून गेली ती का गेली. शेजारी तुमच्या स्वतःच्या मागच्या तीन महिन्यांच्या कॅलेंडरचा हिशेब मांडा: किती तास कोणत्या कामात गेले. हे आठवणीवर सोडू नका. हिशेबाच्या वह्या, ईमेल, बैठकींच्या नोंदी उघडा. आठवण आपल्याला हवी तीच गोष्ट आधी सांगते.

आता प्रत्येक निर्णयापुढे एक प्रश्न लिहा: ‘हा निर्णय ज्या कंपनीने घेतला तिला काय हवं असेल?’ उत्तर बऱ्याचदा बोचतं. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या कंपनीच्या सगळ्या बढत्या विक्रीचा आकडा गाठणाऱ्यांनाच मिळालेल्या असतात. नाकारलेल्या कामांचा रकाना पूर्ण रिकामा असेल तर तीही मोठी माहिती आहे: या कंपनीला अजून स्वतःची दिशा नाही, ती ग्राहक नेतील तिकडे जाते आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक कंपनी शेवटपर्यंत सोबत घेऊ. दीडशे माणसांची ही कंपनी कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. तिच्या कागदावर असं दिसतं: सगळ्यात मोठी गुंतवणूक रात्रीच्या तातडीच्या दुरुस्ती पथकांवर झाली आहे. उत्पन्नाचा मोठा भाग यंत्र बंद पडल्यावर येणाऱ्या फोनमधून येतो. चांगले अभियंते रात्रीच्या धावपळीला कंटाळून सोडून जात आहेत. आणि सगळ्यात समाधानी ग्राहक कोण, तर वार्षिक देखभालीचा करार केलेले थोडे कारखाने, जिथे तातडीचा फोन क्वचितच येतो. या चार ओळींत पुढच्या कामाचा कच्चा माल आहे.

दुसरा टप्पा: ग्राहक आणि कर्मचारी यांना विचारा, पण ‘व्हिजन’ हा शब्द न उच्चारता

‘आपलं व्हिजन काय असावं?’ असं विचारलं की माणसं शाळेतल्या निबंधासारखी उत्तरं देतात. त्याऐवजी अनुभवाविषयी विचारा. ग्राहकाला: आम्ही उद्या बंद झालो तर तुमचं नेमकं काय अडेल? आमच्याकडे येण्याआधी हे काम कसं करत होता? कोणत्या कामासाठी आमच्याकडे मुद्दाम येत नाही? कर्मचाऱ्याला: कोणत्या कामाचा तुम्हाला अभिमान वाटला? कोणतं काम करताना वाटलं की हे आपण करायला नको होतं?

पंधरा-वीस नीट झालेली संभाषणं शेकडो लोकांनी भरलेल्या फॉर्मपेक्षा जास्त सांगतात. सोडून गेलेले ग्राहक यात नक्की घ्या. कर्मचाऱ्यांशी त्यांच्या साहेबांनी बोलू नये. दुसऱ्या विभागातल्या किंवा बाहेरच्या विश्वासू माणसाने बोलावं. उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा, कारण शेवटी वाक्य लिहायला बसाल तेव्हा सगळ्यात जिवंत शब्द इथेच सापडतील.

तिसरा टप्पा: प्रमुखाने एकट्याने बसून चित्र लिहायचं

माहिती सगळ्यांकडून घ्यावी, पहिला मसुदा मात्र एकाच माणसाने लिहावा. समितीने लिहिलेल्या मसुद्याच्या सगळ्या धारा बोथट होतात, कारण प्रत्येकाचा विभाग त्यात सामावून घ्यावा लागतो. कंपनीची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानेच हे लिहावं. भागीदार दोघे असतील तर दोघांनी वेगवेगळं लिहावं आणि मगच समोरासमोर ठेवावं. त्यांतला फरक आत्ता दिसलेला बरा.

मुदत धंद्याप्रमाणे ठरवा. कारखाना उभा करायलाच जिथे पाच वर्षं लागतात, तिथे तीन वर्षांचं व्हिजन निरर्थक आहे. जिथे तंत्रज्ञान दर दोन वर्षांनी बदलतं, तिथे वीस वर्षांचं चित्र पोकळ होतं. बहुतेकांना पाच ते दहा वर्षांची मुदत योग्य ठरते. ती तारीख कागदाच्या वर लिहा आणि त्या तारखेचा एक सामान्य कामाचा दिवस दोन-तीन पानांत वर्तमानकाळात लिहून काढा. ग्राहक कोण आहे? त्याच्या कामात काय बदललं आहे? तुमची माणसं सकाळी आल्यावर पहिलं काय करतात? पैसा कशातून येतो? आज करत असलेलं कोणतं काम तेव्हा तुम्ही करत नाही?

‘आमची उलाढाल पाचपट झाली आहे’ या वाक्याने सुरुवात केलीत तर ते खोडून पुन्हा लिहा. उलाढालीचं उद्दिष्ट जरूर असावं, पण त्याची जागा रणनीतीत आहे. उलाढाल वाढावी असं प्रत्येकच कंपनीला वाटतं, त्यामुळे दोन रस्त्यांपैकी कोणता घ्यायचा ते या वाक्यातून कधीच कळत नाही.

साधन आणि हेतू वेगळे ठेवण्याचीही हीच जागा. नेटफ्लिक्स १९९७ मध्ये स्थापन झाली आणि सुरुवातीची वर्षं तिचा सगळा धंदा टपालाने डीव्हीडी पाठवण्याचा होता. तरीही तिच्या नावात डीव्हीडी नव्हती, इंटरनेट होतं. २००७ मध्ये तिने इंटरनेटवरून थेट चित्रपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा साधन बदललं, हेतू तोच राहिला. तुमच्या चित्रात आजचं यंत्र, आजचं ॲप किंवा आजची विक्रीपद्धत डोकावत असेल तर ती काढून पाहा. तरी चित्र उभं राहतं का?

चौथा टप्पा: काय सोडायचं ते ठरवा

इथे बहुतेक नेते अडखळतात, आणि ते समजण्यासारखं आहे. चालू धंदा सोडणं म्हणजे माणसं, ग्राहक, वर्षांची मेहनत सोडणं. पण ज्या व्हिजनमुळे काहीच सोडावं लागत नाही, त्याने काहीच ठरवलेलं नसतं.

स्टीव्ह जॉब्ज १९९७ मध्ये ॲपलमध्ये परतले तेव्हा कंपनीची इतकी मॉडेल्स बाजारात होती की त्यांतला फरक सांगणंही अवघड होतं. त्यांनी चार चौकटींचा एक तक्ता समोर ठेवला: सामान्य ग्राहक आणि व्यावसायिक, डेस्कटॉप आणि पोर्टेबल. प्रत्येक चौकटीत एक संगणक, बाकीचं बंद. लेगो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीची गोष्टही अशीच. २००३-०४ च्या मोठ्या तोट्यानंतर २००४ मध्ये योर्गन विग क्नूडस्टॉर्प प्रमुख झाले. कंपनी अनेक दिशांना पांगली होती. तिने पुन्हा प्लास्टिकच्या विटांवर लक्ष केंद्रित केलं, तुकड्यांचे प्रकार मोठ्या प्रमाणात कमी केले आणि २००५ मध्ये लेगोलँड पार्कमधली बहुतांश मालकी विकली. पार्क वाईट होती म्हणून हे झालं नाही. कंपनी मुळात कशासाठी आहे याचं उत्तर ठरलं, आणि पार्क चालवणं त्या उत्तरात बसलं नाही.

तुमची यादी करताना नुसती तोट्यातली कामं त्यात घालू नका. ती तशीही बंद करावीच लागणार आहेत. नफा देणारं पण चित्रात न बसणारं किमान एक काम यादीत हवं. ते ताबडतोब बंद करा असं मी म्हणत नाही. किती काळात आणि कसं आवरतं घ्यायचं ते लिहा.

आपल्या दुरुस्ती कंपनीच्या बाबतीत प्रश्न इथेच टोकदार होतो. ग्राहकाचं यंत्र अचानक बंद पडूच नये, असं चित्र तिच्या प्रमुखाने लिहिलं. पण आज उत्पन्न येतं ते यंत्र बंद पडल्यावर! व्हिजन यशस्वी झालं तर आजचा धंदा आटणार. याचा निकाल लागला नाही, तर रोजच्या कामात प्रत्येक वेळी जुन्या उत्पन्नाचाच विजय होईल. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकची शोकांतिका याच ठिकाणची आहे. त्यांच्याच अभियंत्याने, स्टीव्हन सॅसन यांनी, १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला होता. पण कंपनीचा नफा फिल्ममधून येत होता. पुढे तिने डिजिटलमध्ये गुंतवणूकही केली, तरी जुन्या नफ्याची जागा त्यातून भरली नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणून व्हिजनच्या कागदावर एक ओळ सक्तीची ठेवा: हे चित्र खरं झालं तर आजचं कोणतं उत्पन्न कमी होईल, आणि त्याची जागा कशाने भरायची? दुरुस्ती कंपनीचं उत्तर आहे वार्षिक करार, ज्यात यंत्र जितके दिवस सुरळीत चालेल त्याप्रमाणे पैसे मिळतात.

पाचवा टप्पा: ‘पोहोचलो’ हे कसं कळणार?

२५ मे १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी अमेरिकेच्या संसदेसमोर उद्दिष्ट मांडलं: हे दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि त्याला सुखरूप पृथ्वीवर परत आणायचं. त्यात मुदत आहे, पूर्ण झाल्याची खूण आहे आणि ‘सुखरूप परत’ ही कडक अटही आहे. कसं जायचं ते मात्र त्यात नाही. चंद्राभोवतीच्या कक्षेत दोन यानं जोडण्याची पद्धत नासाने १९६२ मध्ये, बरीच चर्चा आणि विरोध झाल्यावर निवडली. मुक्काम पक्का आणि मार्ग मोकळा, ही रचना कंपनीनेही उचलण्यासारखी आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. जुलै १९६९ मध्ये उद्दिष्ट गाठलं गेलं, डिसेंबर १९७२ नंतर त्या मोहिमा थांबल्या. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक टेबलावर आणि प्रत्येक घरात संगणक असावा असं ठरवलं होतं. जगाच्या मोठ्या भागात ते प्रत्यक्षात आलं आणि कंपनीला नव्याने विचार करावा लागला. २०१४ मध्ये सत्या नडेला प्रमुख झाल्यावर त्यांनी प्रत्येक व्यक्तीची आणि संस्थेची क्षमता वाढवणं असा हेतू मांडला. गाठता येईल असं उद्दिष्ट घेण्यात काही चूक नाही. पण ते गाठल्यावर कंपनी कशासाठी राहील, याचं एका ओळीतलं उत्तर सोबत असू द्या.

खुणा तीनच ठेवा, आणि त्यांतल्या किमान दोन ग्राहकाच्या आयुष्यातल्या असाव्यात. दुरुस्ती कंपनीच्या खुणा अशा असू शकतात: करारातल्या कारखान्यांत यंत्र अचानक बंद पडण्याचे तास; करार पुन्हा करणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण; उत्पन्नात करारांचा वाटा.

सहावा टप्पा: आता वाक्य लिहा

आधीचे टप्पे नीट झाले असतील तर हे काम एका दुपारचं आहे. दुरुस्ती कंपनीचं जुनं वाक्य होतं, ‘औद्योगिक देखभाल क्षेत्रातली अग्रगण्य, विश्वासार्ह आणि नावीन्यपूर्ण कंपनी होणे.’ नवं असं झालं: ‘दहा वर्षांत आमच्या ग्राहकांच्या कारखान्यात कोणालाही रात्री यंत्रासाठी उठावं लागू नये.’ ‘रात्री उठावं लागणं’ हे शब्द एका ग्राहकाच्या मुलाखतीतून आले आणि अभियंत्यांनाही ते तितकेच पटले, कारण उठावं तर त्यांनाही लागत होतं.

मसुदा तपासायला चार प्रश्न पुरतात. प्रतिस्पर्ध्याचं नाव घातलं तरी वाक्य तसंच लागू पडतं का? पडत असेल तर ते तुमचं नाही. याच्या उलट भूमिका एखादी शहाणी कंपनी घेऊ शकेल का? ‘आम्ही गुणवत्ता देऊ’ याच्या उलट कोणीच बोलणार नाही, म्हणून त्यातून काही ठरत नाही. रात्रीच्या तातडीच्या सेवेवरच मोठा धंदा उभारणारी कंपनी मात्र असू शकते. नवा कर्मचारी एकदा ऐकून दुसऱ्याला आपल्या शब्दांत सांगू शकेल का? आणि सुरुवातीचा प्रश्न: पहिल्या टप्प्यातले तीन अवघड निर्णय काढा, ते न घेतलेल्या तीन व्यवस्थापकांना वेगवेगळे सोडवायला द्या. हाती फक्त हा कागद. उत्तरं तीन दिशांना गेली, तर शब्दांना दोष देऊ नका, चौथ्या टप्प्याकडे परत जा.

सातवा टप्पा: विरोध मुद्दाम मागवा

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सांगितलेली ‘प्री-मॉर्टेम’ ही पद्धत इथे फार उपयोगी पडते. आठ-दहा अनुभवी माणसांना एकत्र बसवा आणि सांगा: ‘पाच वर्षं उलटली आहेत आणि हे व्हिजन पूर्ण फसलं आहे. का फसलं ते लिहा.’ दहा मिनिटं प्रत्येकाने शांतपणे लिहायचं, मग एकेक कारण वाचायचं. प्रमुखाने सगळ्यात शेवटी बोलावं आणि मधे खुलासे करू नयेत. ‘काही शंका आहेत का?’ असं विचारल्यावर गप्प बसणारी माणसंही इथे मोकळेपणाने लिहितात, कारण अपयश आधीच गृहीत धरलेलं असतं. आलेल्या कारणांपैकी जी तुमच्या हातात आहेत त्यांवर जबाबदार माणूस आणि तारीख ठरवा.

आठवा टप्पा: कंपनीच्या अंगी मुरवणं

जाहीर करण्याच्या कार्यक्रमावर फार शक्ती घालवू नका. माणसं भाषणापेक्षा पुढच्या महिन्यात काय बदललं ते पाहतात. म्हणून जाहीर करायच्या आधीच एक ठळक निर्णय तयार ठेवा आणि तो त्याच आठवड्यात अमलात आणा. दुरुस्ती कंपनीने अभियंत्यांचा प्रोत्साहन भत्ता तातडीच्या फोनवरून काढून, यंत्र न थांबण्यावर दिला. हे कळल्यावर व्हिजन वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मग वार्षिक अंदाजपत्रक घ्या. प्रत्येक मोठ्या खर्चापुढे तो चित्राच्या जवळ नेतो, आजचा धंदा चालू ठेवतो, की दोन्हींपैकी काहीच करत नाही, हे लिहा. तिसऱ्या गटातला खर्च आधी कापा. भरती करताना आणि बढती देताना हाच कागद समोर ठेवा. मोठं काम नाकारलं तर ते का नाकारलं, हे सगळ्यांना सांगा. नाकारण्याच्या कारणांतून कंपनीला दिशा सगळ्यात लवकर समजते. आणि तेच तेच बोलायला कंटाळू नका. तुम्ही शंभरदा बोललेलं असता तेव्हा रात्रपाळीच्या माणसाने ते कदाचित दुसऱ्यांदाच ऐकलेलं असतं.

दरवर्षीचा आढावा

वर्षातून एक दिवस राखून ठेवा. त्या दिवशी पहिल्या टप्प्यातला कागद नव्या वर्षाच्या निर्णयांनी पुन्हा भरा, तीन खुणांचे आकडे शेजारी मांडा आणि नाकारलेल्या कामांचा रकाना मोठ्याने वाचा. रणनीती दरवर्षी बदलली तरी चालेल. व्हिजनला हात लावायचा तो तीनच कारणांनी: ते पूर्ण झालं, ज्या गरजेवर ते उभं होतं ती गरजच संपली, किंवा सुरुवातीला जे गृहीत धरलं होतं ते खोटं निघालं. एखादं वर्ष वाईट गेलं हे कारण पुरेसं नाही, आणि नवा प्रमुख आला हेही नाही. बदल झाला किंवा नाही झाला, काय तपासलं आणि काय कायम ठेवलं हे एका पानात सगळ्यांना कळवा, आणि पुढच्या आढाव्याची तारीख त्याच पानावर लिहा.